डोक्यातला ओटा : नवशिक्या वैमानिकांसाठी लक्ष, स्मृती आणि सरावाचे धडे

सेसना १५२ या दोन आसनी शिकाऊ विमानात पहिल्या पाच-सात तासांत जवळपास प्रत्येकाचं सारखंच होतं. वेग सांभाळायला जावं तर उंची शंभर फूट सुटते, उंची धरली तर दिशा भटकते, आणि नेमकं तेव्हाच रेडिओवर कुणीतरी आपलं कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव, घेतं. शेजारून इन्स्ट्रक्टर बोलत असतात ते ऐकू येतं, पण अर्थ लागत नाही. मग रत्नागिरी-कुडाळहून आलेल्या मुलाला वाटतं की आपलं इंग्रजी कमी पडतं, आणि पुण्याच्या मुलाला वाटतं की आपल्यात ती उपजत हुशारीच नाही. दोघांचंही निदान चुकतं. डोक्यात एका वेळी मावतं तेवढ्यापेक्षा जास्त सामान ओतलं गेलेलं असतं, एवढंच.

तयार वैमानिकाच्या डोक्यातही तेवढीच जागा असते. ती मोकळी कशी ठेवायची हे तो शिकलेला असतो.

पायरी १ : ओटा केवढा आहे ते मोजा

स्वयंपाकघरात मालाची साठवण माळ्यावर असते आणि काम ओट्यावर होतं. माळ्यावर वर्षभराचे आंबोशी-कोकम राहतात, ओट्यावर मात्र चार भांडी ठेवली की पाचव्याला जागा नाही. स्मृतीचं तसंच आहे. दीर्घकालीन स्मृती म्हणजे माळा, आणि आत्ता ज्यावर काम चाललंय ती वर्किंग मेमरी म्हणजे ओटा. १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी या ओट्यावर सात, दोन कमी किंवा दोन जास्त, एवढ्या गोष्टी मावतात असं मांडलं. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. कॉकपिटमध्ये हात-पाय-डोळे कामात असताना चारच धरून चाला.

ओट्यावरची वस्तू तिथे टिकतही नाही. घरी करून पाहा. कुणाला तरी तीन व्यंजनं सांगायला लावा, मग लगेच ४८७ पासून तीन-तीन कमी करत मोठ्याने उलटे मोजा. १८ सेकंदांनी ती अक्षरं आठवा. १९५९ मध्ये पीटरसन दांपत्याने हाच प्रयोग केला तेव्हा दहातून जेमतेम एकदा अक्षरं बरोबर आली. मनात घोकणं थांबलं की माहिती गेली. आणि विमान चालवताना घोकायला फुरसत नसते.

आता रेडिओवर आलेला हा संदेश बघा : हेडिंग (नाकाची दिशा) २४०, उंची २,५०० फूट, क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब) १००८, स्क्वॉक (रडारवर ओळख पटवणारा कोड) ४२७१. शेवटची शून्यं गाळूनही बारा-तेरा अंक झाले. ते सगळे ओट्यावर ठेवायचा प्रयत्न केला तर मधले दोन आकडे हमखास खाली पडतात. पहिला आणि शेवटचा तेवढा राहतो. उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकदम वापरायचे.

पहिला, लिहा. नीबोर्डवरच्या, म्हणजे मांडीवर बांधायच्या पाटीवरच्या, कागदावर आधीच रकाने आखून ठेवा : दिशा, उंची, क्यूएनएच, स्क्वॉक, फ्रिक्वेन्सी. क्रम रोज तोच. उंचीची शेवटची दोन शून्यं लिहू नका, २,५०० साठी २५ पुरे. पेन्सिल दोरीने बांधा. ती सीटखाली गेली की लक्षही तिच्या मागोमाग सीटखाली जातं.

दुसरा, गट करा. क्यूएनएच आधीच्या हवामान अहवालात १००८ ऐकलेला असेल तर नव्या संदेशात तो तपासायचा फक्त, नव्याने उचलायचा नाही. स्क्वॉकचे चार अंक ‘बेचाळीस-एकाहत्तर’ असे जोडीने धरले तर चाराचे दोन होतात.

पण इथेच मराठी माणसासाठी एक खड्डा आहे. आपले आकडे उलटे वाचले जातात. ‘एकाहत्तर’ म्हणताना आधी एक येतो, मग सत्तर. ‘एकोणसाठ’मध्ये तर साठ ऐकू येतो आणि लिहायचे असतात पाच नऊ. रेडिओवर अंक सुटे येतात, डावीकडून उजवीकडे : सेव्हन, वन. मनात मराठी जोडी करून परत इंग्रजीत उलगडताना १७ आणि ७१ यांची अदलाबदल होते आणि रीडबॅक, म्हणजे ऐकलेला संदेश परत म्हणून दाखवणं, चुकतं. म्हणून गट करायचे ते आकडेच ठेवून, ‘फोर टू, सेव्हन वन’ असे. मराठी शब्दात नेऊ नका.

तिसरा उपाय म्हणजे हे सगळं जमिनीवर इतकं घोटणं की त्याला ओट्यावर जागाच लागू नये. मुंबई-गोवा महामार्गावर एसटीत खिडकीशी बसलात की पुढच्या गाडीची पाटी आरटीच्या, म्हणजे वैमानिकांच्या रेडिओच्या, भाषेत वाचा. एमएच ०७ दिसली की ‘माइक होटेल झीरो सेव्हन’, मग पुढचे चार अंक सुटे, ९ ला ‘नाइनर’, ३ ला ‘ट्री’, ५ ला ‘फाईफ’. पाटी दिसेनाशी झाल्यावर वीस सेकंदांनी पुन्हा म्हणा. खेड ते सावंतवाडी या एका प्रवासात शंभर रीडबॅक होतात, इंधन एसटीचं. कोकण रेल्वेच्या स्टेशनावर बसलात तर पाच अंकी गाडी नंबर आहेतच.

पायरी २ : डोळ्यांना वळण लावा

हात ताठ लांब करा आणि अंगठ्याचं नख बघा. डोळ्याला एका वेळी स्पष्ट दिसतं ते साधारण त्या नखाएवढंच, दोनेक अंश. बाकीचं चित्र मेंदू अंदाजाने भरतो. म्हणून ‘मी बाहेर बघत होतो’ याला अर्थ नाही, नजर कुठे थांबली होती ते महत्त्वाचं.

बाहेर बघायची पद्धत : आकाशाचे दहा-दहा अंशांचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्यावर नजर किमान एक सेकंद थांबवा, मग पुढचा. नजर सरकवत नेली तर सरकताना काही दिसत नाही. दुसरं विमान काचेवर हलताना दिसत असेल तर ते बहुधा बाजूने जाईल. काचेवर एकाच जागी चिकटून हळूहळू मोठं होणारा ठिपका मात्र टक्कर घेऊन येतोय, आणि हलत नाही म्हणूनच तो सहज नजरेतून सुटतो. तो दिसल्यापासून ओळखणं, धोका कळणं, निर्णय, हाताची हालचाल आणि विमानाचं वळणं, या सगळ्याला अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेच्या हिशेबाने १२.५ सेकंद लागतात. समोरासमोर १२० नॉटने (तासाला १२० नॉटिकल मैल) येणारी दोन विमानं तेवढ्या वेळात दीड किलोमीटर अंतर खातात. त्या १२.५ मधले नऊ सेकंद धोका कळण्यात आणि निर्णयात जातात. हात आणि विमान मिळून अडीचच घेतात.

कोकणात यात आणखी एक अडचण. मार्च ते मे समुद्रावर धुरकट हवा असते, पाणी आणि आभाळ एकच होतं. बघायला काहीच नसलं की डोळा आपोआप जवळच, काही फुटांवर, फोकस करून बसतो आणि लांबचं विमान असूनही दिसत नाही. दर थोड्या सेकंदांनी पंखाचं टोक, मग किनाऱ्यावरचा एखादा कडा किंवा लांबचं जहाज, असं मुद्दाम बघा. क्षितिज दिसत नसेल तर अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर, म्हणजे विमानाचा कल दाखवणारा डायल, हेच क्षितिज.

आत बघायचं ते चाकाच्या आऱ्यांसारखं : क्षितिज, वेग, क्षितिज, उंची, क्षितिज, दिशा. प्रत्येक वेळी मध्यावर परत. दहातले नऊ वाटे बाहेर, एक आत, आणि आतली नजर दोन-तीन सेकंदांपेक्षा लांबवायची नाही. चुका दोनच प्रकारच्या होतात. एकाच डायलवर खिळून राहणं, किंवा एक डायल कायमचा गाळणं. बहुतेक जण उंचीवर खिळतात आणि बॉल, म्हणजे विमान कडेला घसरतंय का ते दाखवणारी गोळी, गाळतात.

ताण वाढला की लक्षाचा झोत अरुंद होतो, आणि आधी बंद होतात ते कान. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१ क्रमांकाचं ट्रायस्टार विमान २,००० फुटांवर घिरट्या घालत होतं. पुढच्या चाकाचा दिवा लागत नव्हता, म्हणून सगळे त्या बल्बमध्ये गुंतले. दरम्यान ऑटोपायलटची उंची धरून ठेवणारी सोय नकळत सुटली आणि विमान हळूहळू उतरत गेलं. उंची सुटल्याची घंटा कॉकपिटमध्ये वाजली, ती कुणी ऐकली नाही. १०१ माणसं गेली. बल्ब जळला होता, एवढाच बिघाड.

त्यावरून एक सवय आजच लावा. कशातही डोकं घालण्याआधी मोठ्याने म्हणा, ‘विमान कोण चालवतंय?’ एकटे असाल तर उत्तर एकच, आणि बल्ब थांबू शकतो. आधी विमान सांभाळा, मग वाट, मग बोलणं. रेडिओवर ‘स्टँडबाय’ म्हणायला कुणी पैसे घेत नाही.

पायरी ३ : अपेक्षेवर पहारा ठेवा

मेंदू सगळं बघत नाही, अंदाज करतो आणि खूण पटली की पुढे जातो. काम हलकं होतं ते यामुळेच, आणि फसगतही यामुळेच होते.

कागदावर सराव म्हणून रत्नागिरी ते चिपी (सिंधुदुर्ग विमानतळ) वाट आखा : सुमारे ६० नॉटिकल मैल, ९० नॉट जमिनी वेगाने ४० मिनिटं. किनारा धरून दक्षिणेला जायचं, म्हणजे चुकायचं कसं? असं वाटतं खरं. पण पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड अशा एकामागून एक खाड्या येतात आणि वरून पहिल्या नजरेला सगळ्या सारख्याच : पाणी, वाळूचा दांडा, दोन बाजूंना सडा (कातळाचं पठार). अठराव्या मिनिटाला विजयदुर्ग यायचं आहे. सोळाव्याला जैतापूरची खाडी दिसते आणि मन म्हणतं, ‘आलं विजयदुर्ग, वारा पाठीमागून आहे वाटतं.’ या एका चुकीतून जमिनी वेग चुकतो, मग पुढची प्रत्येक वेळ आणि इंधनाचा हिशेब.

म्हणून क्रम पक्का ठेवा : आधी घड्याळ, मग नकाशा, शेवटी जमीन. घड्याळ बघून ‘आता कुठे असायला हवं’ ते ठरवा, नकाशावर तिथल्या तीन खुणा वाचा, मग खाली त्या शोधा. जमिनीवर काहीतरी बघून नकाशात त्याला जागा शोधायला गेलात तर जागा सापडतेच, चुकीची. विजयदुर्गसाठी तीन खुणा : खाडीचं मुख, मुखाच्या दक्षिण अंगाला तिन्ही बाजूंनी पाण्यात शिरलेला किल्ला, आणि आत वळत जाणारी वाघोटणची खाडी. तीनपैकी दोन पटल्या आणि तिसरी नाही, तर ते विजयदुर्ग नाही. तिसरी न पटणं हाच खरा पुरावा, आणि मन नेमकं तेवढंच सोडून द्यायला बघतं.

हेच आकड्यांचं. हिवाळ्यात रोज १०१३ च्या आसपासचा क्यूएनएच ऐकायची सवय झालेली असते. पावसाळ्यात दाब उतरतो, कुणीतरी १००३ सांगतं आणि कानाला १०१३ ऐकू येतो. दर हेक्टोपास्कलला साधारण २७ ते ३० फूट धरले तर उंचीमापक खऱ्यापेक्षा जवळपास ३०० फूट जास्त दाखवणार, म्हणजे तुम्ही समजता त्याहून तेवढे खाली. पूर्ण रीडबॅक देण्याचा हट्ट असतो तो यासाठी.

कार्बोरेटरमधला बर्फ ही तिसरी फसगत, आणि ती खास आपल्या किनाऱ्याची. ‘रत्नागिरीच्या उकाड्यात बर्फ?’ असं म्हणून मुलं हसतात. पण कार्बोरेटरच्या चिंचोळ्या भागात हवेचा दाब उतरतो, इंधनाची वाफ होते, आणि तापमान एकदम खाली येतं. हवा दमट असली तर बाहेर तिशी असतानाही, विशेषतः कमी पॉवरवर उतरताना, बर्फ धरू शकतो. पहिली खूण म्हणजे आरपीएम हळूहळू घसरणं. डोळ्याला एकदम झालेला बदल कळतो, सावकाश झालेला कळत नाही. १५ मिनिटांत शंभर आरपीएम गेले तरी काटा तिथेच असल्यासारखा वाटतो. क्रूझला स्थिर झालात की आरपीएम कागदावर लिहा आणि दर दहा मिनिटांनी त्या लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा. स्मरणाशी ताडू नका.

रात्रीची गंमत वेगळी. सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी) रात्रीचे किमान ५ तास लागतात, तेव्हा हे उपयोगी पडेल. पाण्यावर मासेमारी होड्यांचे दिवे पसरलेले असतात आणि काळोखात ते ताऱ्यांत मिसळतात. होड्यांची तिरकी रांग क्षितिज वाटते आणि हात विमान नकळत तिला समांतर करतो. जून-जुलैत बोटी बंदरात असतात तेव्हा उलट, पाण्यावर एकही दिवा नाही. अंधाऱ्या समुद्रावरून उजळलेल्या धावपट्टीकडे येताना आपण आहोत त्याहून उंच आहोत असा भास होतो, आणि माणूस खाली खाली येतो. डोळ्यांवर सोडू नका. धावपट्टीच्या कडेला उतरण्याचा कोन दाखवणारे पापीचे दोन पांढरे-दोन लाल दिवे धरा, आणि ते नसतील तर दर नॉटिकल मैलाला ३०० फूट हा हिशेब : तीन मैलांवर ९००, दोनवर ६००. उतरण्याचा वेग जमिनी वेगाच्या पाचपट, ७० नॉटला मिनिटाला ३५० फूट.

पायरी ४ : माळ्यावर नीट रचा

कौशल्य तीन टप्प्यांनी मुरतं. आधी प्रत्येक कृती मनात बोलून करावी लागते, मग चुका कमी होत जुळत जाते, शेवटी हात आपणहून करतो. पहिल्या टप्प्यात ओटा भरलेला, तिसऱ्यात रिकामा. मध्ये कधीतरी प्रगती अडल्यासारखी वाटते. सहा लँडिंग चांगली आणि सातवं धडाम. त्या वेळी तास वाढवण्यापेक्षा एकच गोष्ट सुटी काढा, उदाहरणार्थ फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक उचलताना) नजर धावपट्टीच्या लांबच्या टोकाकडे नेणं, आणि तीन सर्किट (उडून, धावपट्टीभोवती फेरी मारून पुन्हा उतरणं) फक्त तिच्यासाठी द्या.

सगळ्यात स्वस्त विमान म्हणजे खुर्ची. कॉकपिटच्या पॅनलचा मोठा फोटो भिंतीवर लावा, समोर योकच्या (विमानाच्या हँडलच्या) जागी जेवणाचं ताट धरा, उजव्या हाताला थ्रॉटल म्हणून काहीही. घरचे हसतील, हसू दे. एक सर्किट पूर्ण वेळ घेऊन उडवा, पाच-सहा मिनिटं. घाईने दोन मिनिटांत उरकलंत तर डाउनविंडवर (धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाण्याच्या टप्प्यावर) किती वेळ हातात असतो हे अंगात भिनत नाही. प्रत्येक हालचाल हाताने करा, प्रत्येक कॉल मोठ्याने म्हणा. रोज १५ मिनिटं पुरेत, आठवड्यातून एकदा दोन तास बसून तेवढं साधत नाही.

पाठांतराच्या बाबतीत, पुन्हा पुन्हा वाचणं हा स्वतःला फसवायचा उद्योग आहे. वाचताना ओळखीचं वाटतं, आठवत मात्र नाही. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहून काढा : त्याच दिवशी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) पेपरला ७० टक्के लागतात आणि प्रश्नसंच घोकून ते मिळतातही. पण इंजिन बंद पडल्यावर चार पर्याय समोर येत नाहीत.

त्या प्रसंगासाठीची यादी मात्र तोंडपाठ हवी. १५२ ला : वेग ६० नॉट, कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा) चालू, इंधनाची चावी चालू, मिक्स्चर रिच, इग्निशन बोथ, प्रायमर आत आणि लॉक. क्रम तुमच्या विमानाच्या हँडबुकातला धरा आणि हात पॅनलवर नेऊन शिका, नुसत्या शब्दांनी नाही. दचकलेल्या मेंदूला काही क्षण विचार सुचत नाही, तेव्हा शिकलेला हातच चालतो. शिकलेला हात चुकीचंही करतो हे लक्षात असू द्या. १५२ ची इंधन चावी फक्त चालू-बंद असते, १७२ ला डावी, उजवी, दोन्ही. पायपर चेरोकीला ‘दोन्ही’ नाहीच. विमान बदललंत की आधी जुन्या सवयींची यादी काढा. मोटार चालवणारे विमान जमिनीवरून नेताना (टॅक्सी करताना) योक फिरवत राहतात तेही याच जातीचं. जमिनीवर वळतं ते पायांनी.

पायरी ५ : मध्येच तुटलं तर

सोळा साते किती, असं मध्येच विचारलं की पुष्कळ जण मनात सोळा एके सोळापासून सुरू करतात. साखळीत पाठ केलेलं असं असतं : एक कडी पुढची ओढते, आणि कुठे तुटली ते नंतर सांगता येत नाही. चेकलिस्ट चालू असताना रेडिओ आला, इन्स्ट्रक्टरांनी काही विचारलं, की मन परत येताना एखादी कडी ओलांडून येतं, आणि ‘हे झालंय’ असं शपथेवर सांगतं. म्हणून नियम : तुटली तर वरून सुरू करा. फार लांब यादी असेल तर निदान तीन ओळी मागे जा. वाचताना अंगठा त्या ओळीवर ठेवा.

चेकलिस्टला कमीपणा मानणारे भेटतील. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ उडताच कोसळलं. चालवणारे अत्यंत कसलेले होते, नियंत्रण पृष्ठभागांचं लॉक काढायचं राहिलं होतं. कागदी चेकलिस्ट तिथून रुजली.

‘मालवण दिसलं की कळवा’ असं सांगितलं जातं ते आणखी अवघड. आत्ताचं नव्हे, पुढचं लक्षात ठेवायचं. ते डोक्यात ठेवू नका, वस्तूत ठेवा. नीबोर्डवर मालवणपाशी मोठा गोल करा, घड्याळात गजर लावा. लँडिंगची परवानगी मिळाली की लँडिंग लाइट लावायचा, अशी पद्धत पुष्कळ जण ठेवतात. मग फायनलवर, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, ‘परवानगी मिळाली होती ना?’ हा प्रश्न स्विच बघून सुटतो.

पायरी ६ : आकडे जमिनीवरच ठरवा

दमलेला आणि अडकलेला मेंदू स्वतःचं मोजमाप करू शकत नाही. याच किनाऱ्याने दक्षिणेला, मंगळूरला, २२ मे २०१० रोजी एअर इंडिया एक्स्प्रेसचं ८१२ क्रमांकाचं विमान पठारावरच्या धावपट्टीवरून पुढे गेलं, १५८ जण गेले. चौकशीत आढळलं की कमांडर उड्डाणात दीर्घ झोप घेऊन उठले होते. अशा झोपेनंतर काही काळ निर्णयशक्ती जड राहते. सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’ (उतरणं सोडून परत वर जाऊ) म्हटलं, यंत्रांचे इशारे वाजत होते, आणि तरी अप्रोच चालू राहिला. ठरलेलं पुरं करण्याची ही ओढ कुणालाही असते. गणपतीला गावी निघालेला चाकरमानी माणगावला चार तास अडकूनही माघारी फिरत नाही, ती हीच ओढ. रस्त्यावर तिच्यापायी आरती चुकते, त्याहून जास्त काही होत नाही.

म्हणून मर्यादा आधी कागदावर लिहा. फायनलवर ३०० फुटांना वेग ठरलेल्या आकड्यापासून ५ नॉटच्या आत, नाक मध्यरेषेवर, फ्लॅप लावलेले. यातलं एक जरी नसेल तर थ्रॉटल पूर्ण पुढे, विचार नंतर. तुमच्या स्कूलचा आकडा वेगळा असेल तर तो धरा. क्रॉस कंट्रीला परत फिरायची जागा आणि ढगांची किमान उंचीही तशीच लिहून न्या, कारण सह्याद्रीकडून ढग उतरायला लागल्यावर तो आकडा मन हळूच कमी करतं. आणि रात्री जागून पेपरची तयारी करून सकाळी उडायला जाऊ नका. दिवसा शिकलेलं माळ्यावर रचलं जातं ते झोपेत.

उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आत, चहा आणि गप्पांच्या आधी, वहीत तीन ओळी लिहा : काय सुटलं, कधी सुटलं, आणि त्या क्षणी नजर कुठे होती. पहिल्या दोन ओळी सगळेच लिहितात, कामाची तिसरी. दहा उड्डाणांनी तिसऱ्या ओळी एकाखाली एक वाचा. उंची दर वेळी डाउनविंड कॉलच्या वेळीच सुटत असेल, तर उंची धरण्याचा सराव वाढवून उपयोग नाही. आधी ट्रिम करायचं, हात सैल सोडून विमान स्थिर आहे का बघायचं, आणि मग बोलायचं बटण दाबायचं.